मुकी बंदूक नको, बोलता परवाना द्या



मोहोळच्या तालुका बैठकीत एक ठराव आला. तरुण पोरांनी मांडला आणि पोटतिडकीने मांडला. ठराव असा: "रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी शेतकऱ्याला आवाज न करणारी रायफल परवान्यावर मिळावी." टाळ्या पडल्या. आता हा ठराव जिल्हा मेळाव्यापुढे येणार आहे. मी त्याच्या विरोधात बोलणार आहे. ऐनवेळी पाय ओढला असे मागून कुणी म्हणू नये, म्हणून माझे म्हणणे आधीच छापून हातात देतो. वाचा, पटले नाही तर मेळाव्यात उभे राहून मला खोडून काढा.

पहिली गोष्ट, पोरांचा राग खोटा नाही. हस्ताच्या पावसावर पेरलेली मालदांडी पोटरीत येते, निसवते, कणसात दूध भरते, आणि त्याच आठवड्यात कळप उतरतो. एका रात्रीत पाच-दहा गुंठे आडवे. डुक्कर खाते थोडे आणि लोळवते जास्त. कणीसही जाते आणि कडबाही जातो, म्हणजे माणसाचेही गेले आणि जनावराचेही गेले. कपाशीवाल्याचे दुखणे वेगळे. तिथे हरणांचा कळप उगवत्या रोपाचे शेंडे खुडतो, दुबार लागण करावी लागते आणि बियाण्याचे पाकीट परत विकत आणावे लागते. दिवसभर राबलेला माणूस रात्री माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवतो. डबा वाजला की कळप या बांधावरून त्या बांधावर जातो. म्हणजे माझे संकट शेजाऱ्याच्या गळ्यात, आणि शेजाऱ्याने डबा वाजवला की परत माझ्या गळ्यात.

अशा माणसाच्या हातात मोबाईल आहे. त्यात तो बघतो की विलायतेतला शेतकरी जीपमधून उतरतो, रायफलीच्या तोंडाला जाडजूड नळी लावतो, "फुस्स" असा आवाज होतो आणि डुक्कर आडवे पडते. पोरगा विचारतो, "साहेब, त्याला चालतं मग आम्हाला का नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. शेतात आपण बियाण्याची उगवणशक्ती तपासूनच पेरणी करतो. ठरावाचेही तसेच करू.

ही मुकी बंदूक आहे तरी काय?

बंदुकीचा आवाज एक नसतो, तीन असतात. पहिला दारूच्या वायूचा. नळीच्या तोंडातून तापलेला वायू एकदम सुटतो, त्याचा बार होतो. दुसरा गोळीचा. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. गोळी त्याहून वेगात गेली तर ती वाटेवर चाबकासारखी कडाडते, आणि ते कडाडणे कुठलीच नळी दाबू शकत नाही. तिसरा आवाज बंदुकीच्या यंत्राचा. आपोआप भरणारी बंदूक स्वतःच उघडते-मिटते, तिचा खडखडाट होतो.

म्हणून ज्यांना खरोखर मुकी बंदूक हवी होती त्यांनी तिन्हींचा विचार केला. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या कमांडो पथकांसाठी डी लाइल नावाच्या माणसाने एक कार्बाइन बनवली. यंत्र घेतले नेहमीच्या ली-एनफिल्ड रायफलीचे, म्हणजे हाताने बोल्ट ओढायचा, आपोआप काही हलायचे नाही. काडतूस घेतले पिस्तुलाचे, ०.४५ इंचाचे, कारण त्याची गोळी मुळातच आवाजापेक्षा सावकाश जाते. आणि नळीभोवती आवाज गिळणारे जाड नळकांडे बसवले. अशा सुमारे १३० बंदुकाच झाल्या. त्यांचे काम एकच होते: रात्रीच्या पहारेकऱ्याला शेजारच्या पहारेकऱ्याला न कळता मारणे. ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध त्या वापरल्या गेल्या. जगातल्या सर्वांत शांत बंदुकांत तिचे नाव आजही घेतात.

आता गणित करू. पिस्तुलाची ही गोळी सुमारे १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर. तिची मारकशक्ती निघते साधारण ४७० ज्यूल. त्याच ली-एनफिल्डमधून मूळची ०.३०३ ची गोळी मारली तर ती शक्ती ३,१०० ज्यूलच्या आसपास जाते, म्हणजे साडेसहा पट. आवाज गेला खरा, पण त्याबरोबर जोरही गेला. पहारेकऱ्याला ती गोळी पुरते. दीड-दोन क्विंटलच्या, अंगावर चिखल वाळलेल्या, खांद्याचे कातडे ढालीसारखे झालेल्या नराला ती नेमकी जागेवर बसली नाही तर तो मरत नाही, जखमी होतो. जखमी डुक्कर काय करते हे मोहोळ-माढ्याच्या माणसाला मी सांगायला नको.

दुसरे गणित. सावकाश गोळी लवकर खाली येते. १०० मीटरवर ती सुमारे अडीच फूट खाली पडते आणि १२० मीटरवर साडेतीन फुटांच्या पुढे. म्हणजे अंधारात बॅटरीच्या उजेडात अंतराचा अंदाज २० मीटरने चुकला तर नेम फूटभर चुकला. डुकराच्या छातीऐवजी पाय, किंवा पायाऐवजी माती. आणि दगडाळ रानात मातीवर बसलेली गोळी तिथेच थांबत नाही, उसळून पुढे जाते.

पुढे कोण असते? पुढे आठ फूट उंच ज्वारी असते. तिच्या पलीकडच्या माळ्यावर शेजारचा म्हातारा राखणीला बसलेला असतो. आज बार झाला की त्याला कळते, तो खाली वाकतो, हाळी देतो, "कोण आहे रं?" मुक्या बंदुकीत ती हाळीही गेली. बंदुकीचा आवाज हा आपल्याकडे नुसता त्रास नाही, तो इशारा आहे. लष्कराला इशारा नको होता म्हणून त्यांनी तो काढला. आपल्याला तो हवा आहे.

विलायतेचे उदाहरण देणाऱ्यांना एवढेच सांगतो. इंग्लंड, नॉर्वे, फिनलंड, न्यूझीलंड इथे शिकारीच्या रायफलीला आवाज कमी करणारी नळी लावणे कायदेशीर आहे, हे खरे. पण तिथले बहुतेक शिकारी ती नळी पूर्ण ताकदीच्या रायफलीला लावतात. आवाज बंद होत नाही, कमी होतो. बंदूकवाल्याचे आणि त्याच्या कुत्र्याचे कान वाचावेत आणि दूरच्या वस्तीची झोप मोडू नये, एवढाच तिचा उपयोग. मोबाईलमधली "फुस्स" ही पुष्कळदा सिनेमाची करामत असते. आणि तिथे शिकारीला कोणता प्राणी, कोणत्या महिन्यात, कोणाच्या जमिनीवर मारायचा हे आधी ठरलेले असते. नळी नंतर येते, परवानगी आधी येते. आपण उलटे मागतो आहोत.

सरकारने शेतकऱ्याला काय दिले?

आता कायदा बघू. इंग्रजांनी १८७८ साली, लिटन व्हाइसरॉय असताना, शस्त्रांचा कायदा केला. हिंदी माणसाला परवाना लागेल, गोऱ्याला सूट. का? १८५७ चा धसका. त्याच इंग्रजांनी पुढे इथल्या पोलिसांसाठी ईशापूरच्या कारखान्यात ली-एनफिल्ड रायफलीच घेतल्या, त्यांची मॅगझिन बंद केली, नळी गुळगुळीत केली आणि एका वेळी एकच काडतूस घेणारी ०.४१० ची मस्केट केली. बघा, यंत्र तेच. स्वतःच्या कमांडोला त्याची मुकी कार्बाइन, हिंदी शिपायाला त्याची एकबारी मस्केट. कोणावर किती विश्वास हे बंदुकीवरून कळते.

इंग्रज गेला. १९५९ साली आपल्या सरकारने नवा शस्त्र कायदा केला. त्यातले कलम १३(३) काढून वाचा. पीक संरक्षणासाठी शेतकऱ्याला काय मिळेल? ठासणीची बंदूक. नळीत वरून दारू ओता, चिंध्या कोंबा, छर्रे टाका, गजाने ठासा, टोपी बसवा, मग उडवा. उडली नाही तर परत पहिल्यापासून. पावसाळ्यात दारू सर्द झाली तर देवाचे नाव घ्या. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशात शेतकऱ्याच्या हक्काची बंदूक अजून एकोणिसाव्या शतकातली आहे.

पण त्याच कलमाला एक पुस्ती आहे आणि ती कोणी आपल्याला सांगत नाही. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर तो पीक संरक्षणासाठी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपल्या भाषेत काडतुसाची बाराबोर, देऊ शकतो. कायद्यात वाट आहे. त्या वाटेवर गवत उगवले आहे, कारण आपण तिथून कधी चाललो नाही.

मुक्या रायफलीचे काय? १९६२ च्या शस्त्र नियमांनी तिला दोनदा कुलूप घातले. पहिल्या परिशिष्टातल्या पहिल्या वर्गात लष्करी ९ मिलिमीटर किंवा ०.४५ चे काडतूस घेणारी कार्बाइन बसवली, आणि त्याच वर्गात बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारे साधन बसवले. ती बिचारी ०.४१० ची मस्केटही तिथेच आहे. २०१६ साली नियम नवे झाले, पण शेतकऱ्याला हे दार उघडले नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने निषिद्ध शस्त्र जवळ बाळगण्याची शिक्षा किमान ७ वर्षे आणि कमाल १४ वर्षे केली. चोरून कोणी "फुस्स" करणारी वस्तू आणून देतो म्हणाला तर त्याला बांधावरूनच हाकला. डुकराने दहा गुंठे खाल्ले, हा माणूस तुमची सात वर्षे खाईल.

म्हणजे ठराव पास करून आपण मागणार काय? देशभरच्या पोलिसांना आणि गृहखात्याला ज्याची सर्वांत जास्त धास्ती, ते शस्त्र. मिळणार काय? नकार. आणि त्या नकाराबरोबर सरकारच्या हाती एक आयता जबाब: "बघा, शेतकऱ्यांना खुनाची हत्यारे हवीत." बाराबोरचा आपला रास्त अर्जही त्या गोंधळात बुडेल. जी मागणी नाकारणे सोपे जाईल ती मागणी करून आपण सरकारचीच सोय करतो.

खरे कुलूप कुठे आहे

समजा उद्या चमत्कार झाला आणि मुकी रायफल हातात आली. मारणार काय? इथे माळाचे खरे दुखणे येते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर आणि नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, कारणे लिहून, त्यांना मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. म्हणजे डुकराच्या बाबतीत वाट आहे, फक्त तिच्यावर टेबले आहेत. माझ्यासमोरची गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याचा असा अर्ज मी स्वतः लिहिला, हातात घेऊन गेलो. या टेबलाने त्या टेबलाकडे पाठवले. उत्तर आले तेव्हा ज्वारी काढून, मोडून, कडबा रचून झाला होता. उत्तरात लिहिले होते की पिकाची सद्यस्थिती कळवावी. यात बंदुकीचा दोष कुठला?

आणि काळवीट? तो पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला फक्त माणसाच्या जिवाला धोका असेल, किंवा तो बरा न होण्याइतका जायबंदी वा आजारी असेल, तरच मारता येते. तेही मुख्य वन्यजीव रक्षकाच्याच आदेशाने. उभे पीक खाल्ले हे कारण कायद्यात नाहीच. कपाशीवाल्या भावांनो, तुमचा प्रश्न ठासणीने सुटणार नाही, बाराबोरने नाही आणि मुक्या रायफलीने तर नाहीच. मारलेच तर किमान ३ वर्षे, वाढली तर ७.

त्यावर आपले अभयारण्य. १९७९ साली सोलापूर आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतला ८,४९६ चौरस किलोमीटर मुलूख एका सहीने माळढोकाचा झाला. त्यात मोहोळ होते, माढा होते, करमाळा होते, नान्नज होते. पक्ष्याचे भले व्हावे असे आपल्यालाही वाटते. ज्या माळावर आपली गुरे चरली त्याच माळावर तो वाढला, आपण त्याला मारून खाल्लेले नाही. पण जमिनीच्या साध्या व्यवहाराला वर्षानुवर्षे वनखात्याची अडकाठी झाली. पुढे अभयारण्य १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणले, तोवर एका पिढीचे केस पांढरे झाले. आणि माळढोक? तो आता या माळावर शोधूनही क्वचितच दिसतो. अभयारण्याच्या कागदाने ना पक्षी वाचला, ना शेतकरी.

याच कायद्याचे कलम ३४ सांगते की अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. म्हणजे जिथे प्राणी सर्वांत जास्त, तिथे ठासणीची बंदूकसुद्धा सर्वांत कमी. पोरांनो, मुक्या रायफलीचा ठराव मांडताना हे कलम वाचले होते का?

आणि कलम ३९ तर वाचून हसावे की रडावे कळत नाही. मेलेला किंवा मारलेला वन्यप्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता. मेला की सरकारचा. जिवंत असेतोवर खायला मात्र आमच्या शेतात. कोणी आपली गुरे दुसऱ्याच्या रानात सोडली तर गाव त्याला कोंडवाडा दाखवतो, दंड घेतो. सरकारची गुरे आमच्या रानात रोज चरतात. त्यांची चारणावळ कोण देणार? हा प्रश्न मुक्या बंदुकीने विचारता येत नाही. तो तोंडाने, मोठ्याने, कचेरीसमोर विचारावा लागतो.

मुके शस्त्र आपल्या शेतात आधीच आहे

आता एक कडू गोष्ट. ती लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

आवाज न करणारे शस्त्र आपल्याकडे नाही असे कोण म्हणतो? आहे. रात्री मोटारीच्या पेटीवरून आकडा टाकायचा, बांधाच्या तारेत करंट सोडायचा आणि घरी जाऊन झोपायचे. बार नाही, ज्वाळा नाही, परवाना नाही. डी लाइलच्या कार्बाइनपेक्षाही मुके. सकाळी तारेला कधी डुक्कर चिकटलेले असते. कधी शेजाऱ्याची म्हैस असते. कधी पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी असतो, आणि कधी दार धरायला आलेली घरचीच माउली असते. महाराष्ट्रात अशा बातम्या दरवर्षी येतात, आणि मेलेला शेतकरी, पकडलेलाही शेतकरीच. सदोष मनुष्यवधाचा खटला चालतो, दोन घरे बसतात, डुकरे तशीच राहतात.

मुक्या शस्त्राचा धडा हाच आहे. चोरून मारायला लागलो की काय मरते यावर आपला ताबा राहत नाही, आणि का मारावे लागले हे कुणाला सांगताही येत नाही. सरकारला याहून सोयीचे काय? शेतकरी अंधारात आपापले बघून घेतो, मेला तर अपघात, पकडला तर गुन्हेगार. धोरण बदलायची गरजच उरत नाही. मुकी बंदूक ही शेतकऱ्याची ताकद नाही. ती सरकारची सुटका आहे.

म्हणून मी हात जोडून सांगतो: जिल्हा मेळाव्याला येण्याआधी प्रत्येकाने आपल्या बांधावरचा आकडा काढून टाकावा. संघटनेचा बिल्ला लावणाऱ्याच्या तारेत मारणारा करंट असता कामा नये. सौर कुंपण वेगळे. त्यात ठोके ठोके येतात, झटका बसतो, जीव जात नाही. त्याला अनुदान मागू, पण आकड्याचे समर्थन मी करणार नाही.

उघड झाले तिथे काय झाले

इतरांनी काय केले ते बघा. २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने बिहारमधल्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुक्कर उपद्रवी जाहीर केले. कायद्यातले कलम ६२ त्यासाठीच आहे. २०१६ च्या जूनमध्ये मोकाम्याच्या पट्ट्यात दोनशेवर नीलगायी मारल्या गेल्या. दिल्लीत गदारोळ झाला, दोन केंद्रीय मंत्री जाहीरपणे एकमेकांना भिडले. झाला तो गदारोळ चांगलाच झाला. देशाला पहिल्यांदा कळले की टाल भागातला शेतकरी कशाने मरतो आहे. त्या मारण्याच्या पद्धतीवर तुम्ही-मी वाद घालू शकतो, कारण ते उघड्यावर झाले.

केरळने २०२२ च्या मे महिन्यात आणखी शहाणपण केले. पिकाला आणि माणसाला धोका देणाऱ्या रानडुकरांना मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार स्थानिक पंचायतीच्या प्रमुखांना दिला आणि परवानाधारक बंदूकवाल्यांची मदत घेतली. टेबल गावात आले. सरपंच कोण, बंदूक कोणाची, डुक्कर कुठे पडले, सगळे गावाला माहीत. केरळातही तक्रारी आहेत, बंदूकवाले कमी पडतात. पण दिशा बरोबर आहे: निर्णय गावात आणि जबाबदारी नावानिशी.

मग ठराव कसा हवा?

माझी दुरुस्ती अशी आहे. मुक्या रायफलीचे वाक्य काढा आणि त्या जागी हे पाच मुद्दे घाला.

१. कलम १३(३) च्या पुस्तीप्रमाणे, ज्या गावात रानडुकरांचे नुकसान नोंदले आहे तिथे ठासणीऐवजी काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचा निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांनी घ्यावा. अर्जावर होय किंवा नाही, जे असेल ते मुदतीत आणि लेखी द्यावे.

२. कलम ११ खालचा अधिकार तालुक्यात आणि पुढे गावात यावा, केरळसारखा. ज्वारी निसवण्याआधी आदेश हातात पडावा. ज्वारी थांबत नाही, हे साहेबांना कळावे.

३. जो प्राणी मारायला कायद्याने बंदी आहे, त्याने खाल्लेल्या पिकाची पूर्ण भरपाई, धान्य आणि कडबा दोन्ही धरून, बाजारभावाने मिळावी. कपाशीत दुबार लागणीचे बियाणे आणि मजुरी धरावी. ही मदत किंवा कृपा नव्हे. ही सरकारच्या प्राण्यांची चारणावळ आहे.

४. अभयारण्यालगतच्या १० किलोमीटरच्या पट्ट्यात परवान्याची संमती रोखायची असेल, तर तेवढ्या पट्ट्यात सामुदायिक सौर कुंपण सरकारच्या खर्चाने व्हावे. हत्यारही नाही आणि कुंपणही नाही, हे चालणार नाही.

५. निवडणूक आली की सरसकट बंदुका जमा करण्याची पद्धत पीक संरक्षणाच्या परवान्यांना लावू नये. ज्याच्यावर गुन्हा नाही त्याची राखण ऐन हंगामात काढून घेऊ नये. डुक्कर आचारसंहिता पाळत नाही.

यातले काहीही बेकायदा नाही. पहिले कलम आज लागू आहे, दुसऱ्याला केरळचा दाखला आहे, तिसरे साध्या न्यायाचे आहे. नाकारताना सरकारला कारण द्यावे लागेल, आणि ते कारण आपण गावोगाव वाचून दाखवू.

पोरांना शेवटचे दोन शब्द. तुमच्या रागावर पाणी ओतायला मी आलेलो नाही. मालदांडी ३५-१ हे वाण याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडले गेले. ज्या गावाने महाराष्ट्राला भाकरी दिली त्या गावाच्या पोराला स्वतःच्या भाकरीसाठी रात्र-रात्र डबा बडवावा लागतो, याची मलाही चीड आहे. पण सरकार डब्याला भीत नाही आणि मुक्या बंदुकीला तर नाहीच नाही. ते भिते उघड, लेखी, कलम दाखवून केलेल्या मागणीला आणि त्या मागणीमागे उभ्या राहिलेल्या माणसांना.

तोवर एक काम करा. नुकसान झाले की त्याच दिवशी तलाठी आणि वनरक्षकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोटो काढा, तारीख लिहा. आणि जिवावर बेतले तर लक्षात ठेवा, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना शुद्ध हेतूने प्राणी मारावा लागला तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा नाही. लपवू नका, लगेच कळवा. जिल्हा मेळाव्याला येताना सोबत भाकरी आणा, बॅटरी आणा आणि त्या पोचपावत्या आणा. जिल्हाधिकारी कचेरीच्या टेबलावर मोहोळ तालुक्याच्या पोचपावत्यांचा ढीग घालायचा आहे.

ठरावावर मतदान होईल तेव्हा हात वर करण्याआधी एवढेच विचारा: ही मागणी मी दिवसाढवळ्या, चावडीवर, पोलीस पाटलासमोर मोठ्याने वाचू शकतो का? वाचता येत असेल तर हात वर करा.

आपला,
संघटनेचा एक कार्यकर्ता, मोहोळ